स्वल्पविरामाच्या अलीकडे

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
सात ते साडेआठ माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
खाली कॉम्प्रेसर धडधडत असतो,
म्हणून फळ्यावरचं प्रत्येक अक्षर
जरा हुडहुडी भरल्यासारखं दिसतं.

आज लिहिलं: ॲज एक्स्पेक्टेड.
खाली मराठीत: अपेक्षेप्रमाणे.
म्हटलं, वाक्याच्या तोंडाशी ठेवा,
पुढे स्वल्पविराम द्या,
आणि मग काय घडलं ते सांगा.

सगुण केळुसकर पुढच्या महिन्यात
जहाजावरच्या भरतीला बसणार आहे.
तो म्हणाला, "अपेक्षेप्रमाणे?
ह्या कोण बोलता, बाई?
पेपरात येता ता, निकाल लागलो काय."

खरंच होतं. घरात असं कोण बोलतं?
होडी रिकामी आली: माका वाटलाच होता.
इंजिनात पाणी शिरलं,
जावई सत्यनारायणाला पिऊन आला,
काजूचा मोहोर काळा पडला:
वाटलाच होता, वाटलाच होता.
आणि सरंग्यांनी टोपल्या भरल्या तर?
तेव्हा आधी कोणालाच काही वाटलेलं नसतं.
तेव्हा सातेरीन दिल्यान.

मी सांगितलं, इंग्रजीत तसं नाही.
बुडण्याला आणि पोचण्याला
हेच दोन शब्द चालतात.
यावर कोणी काही बोललं नाही.
फेलिक्स डिसोजा खिडकीतून जेटीकडे बघत राहिला,
तिथे कोणीतरी जाळं झटकत होतं.

मग वह्या.
नऊ जणांपैकी पाच जणांनी लिहिलं होतं की
अपेक्षेप्रमाणे कुडाळची गाडी लेट आहे.
दर्शना गिरपने लिहिलं होतं,
ॲज एक्स्पेक्टेड, माय फादर सेड यस.
वाक्य अचूक होतं. पण तिने ते दोनदा खोडून
तिसऱ्यांदा लिहिलं होतं,
कागद तिथे विरला होता.
कशाला यस, ते मी विचारलं नाही.

जिन्यावरून आवाज आला.
उल्हास तांडेल, कारखान्याचा वॉचमन,
फी भरत नाही, आत बसत नाही,
पायरीवर बसून विडी न पेटवता ऐकतो.
"बाई, पण एक्स्पेक्ट केल्यान कोणी?"
मी म्हटलं, काका, हा कर्मणी प्रयोग,
यात कर्ता गाळला तरी चालतो.
"असा? मग चुकला तर
पगार कोणाचो कापतले?"
पोरं हसली. मीही हसले,
आणि फळ्याकडे वळले,
कारण उत्तर मला येत नव्हतं.

माझ्या पर्समध्ये, फोनमध्ये,
पणजीच्या कॉलेजचा मेल तीन दिवस पडून आहे.
उघडलेला नाही.
पुढची दोन्ही वाक्यं तयार आहेत,
मुलाखतीहून परत येताना
सातार्ड्याच्या पुलावरच रचली होती,
व्याकरण तपासून.
मी नुसती स्वल्पविरामावर बसून आहे,
सुकतीला वाळूत टेकलेल्या होडीसारखी,
जरा कललेली.

तेवढ्यात वीज गेली.
कॉम्प्रेसर एक उसासा टाकून थांबला,
आणि अंधारात अख्खा वर्ग, जिन्यासकट,
एका सुरात म्हणाला:
वाटलाच होता!

कित्ती दिवसांनी लाटा ऐकू आल्या त्या माडीवर.
मग फेलिक्सचा आवाज, सावकाश, जपून,
"ॲज एक्स्पेक्टेड..."
आणि तो थांबला.
मी सांगितलं होतं तेवढाच थांबला, खरं तर थोडा जास्तच.
पुढचं त्याला सुचत होतं की नव्हतं, कोण जाणे.

"बाई, बॅटरी लावा मां!"
मी फोन काढला.
पडदा तळहाताकडे धरला
आणि उजेड फळ्यावर टाकला.
अक्षरं पहिल्यांदाच
हलत नव्हती.